मे महिन्यात उभे राहते तेच खरे : जळगावच्या एका रोपवाटिकेतील खरेदी, तीन उन्हाळ्यांनंतर

रोपवाटिकेविषयीचे मत रोपे घरी आणल्याच्या आठवड्यात देण्यात काही अर्थ नसतो. जुलैत, दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर, महामार्गालगतच्या कोणत्याही रोपवाटिकेत पाऊल टाकले तरी सगळेच टवटवीत दिसते आणि आपलाही हात सैल सुटतो. म्हणून जळगाव शहराबाहेरच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून मी जुलै २०२२ मध्ये घेतलेल्या २७ झुडपांविषयी तीन उन्हाळे उलटल्यानंतरच लिहायला बसलो आहे. त्या २७ पैकी १६ उभी आहेत आणि ११ गेली. पैशांत सांगायचे तर २,१७० रुपयांच्या खरेदीपैकी १,०९० रुपये वाळून गेले. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या चुकांमुळे झुडपे गेली त्यातल्या काही तिच्या होत्या, काही निखालस माझ्या होत्या, आणि बाकीच्या आपल्या भागात बहुतेक सगळीकडे थोड्याफार फरकाने होत असाव्यात असा माझा समज आहे.

आमचा प्लॉट ४० बाय ६० फुटांचा, घर पूर्वाभिमुख, आणि मागच्या बाजूला पश्चिमेकडे सिमेंटची कुंपणभिंत. ही भिंत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर अशी तापते की रात्री नऊ वाजताही तिला हात लावून बसवत नाही. जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत अख्खे बोट जाते. मला या भिंतीला बारा महिने हिरवा राहणारा आडोसा हवा होता आणि पुढच्या अंगणात फुले हवी होती. आईची मागणी याहून नेमकी होती. मी क्रोटनच्या रंगीत पानांपाशी जरा जास्त रेंगाळलो तेव्हा तिने तिथेच विचारले, "देवाला काय क्रोटन वाहू का?" त्यामुळे जास्वंद, कण्हेर आणि तगर ही तिन्ही यादीत आली. आज मागे पाहता त्या यादीतील सर्वांत शहाणपणाचा भाग तोच होता.

रोपवाटिका दिसायला उत्तम आहे. वाटा स्वच्छ आहेत, रोपांच्या ओळी नीट लावलेल्या आहेत, हिरव्या जाळीखालचा विभाग आणि उघड्यावरचा विभाग वेगवेगळा आहे, आणि प्रत्येक ओळीपुढे भावाची पाटी आहे, जी आपल्याकडे अजूनही सर्वत्र आढळत नाही. त्या वर्षीचे भाव असे होते : कुंती ४० रुपये, गावठी जास्वंदही ४०, कण्हेर ५०, तगर ६०, क्रोटन ८०, इक्झोरा ९०, अनंत १२०, मोठ्या पिशवीतील बोगनवेल १५० आणि कलमी रंगीत जास्वंद १६०. मी कुंतीची आठ, इक्झोराची पाच, क्रोटनची तीन, कण्हेर, तगर व बोगनवेल यांची प्रत्येकी दोन, अनंताचे एक आणि जास्वंदीची चार (एक गावठी, तीन कलमी) अशी रोपे घेतली. ही यादी आज पाहिली की एक गोष्ट सहज लक्षात येते : जे महाग होते त्यातले बहुतेक गेले, जे स्वस्त होते ते जवळजवळ सगळे टिकले. बोगनवेल तेवढी त्याला अपवाद.

यात योगायोगाचा भाग थोडा आहे. शोभेच्या रोपांचा बराच माल आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या कडियम भागातून आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यातून ट्रक भरून येत असतो. यात वावगे काही नाही, सगळीकडे असेच चालते. मात्र कडियमच्या दमट हवेत, जाळीखाली, रोज पाणी पिऊन वाढलेल्या झुडपाला जळगावचा वैशाख म्हणजे काय हे ठाऊक नसते. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर. आणि जानेवारीतल्या एखाद्या पहाटे तोच पारा १० अंशांच्या खाली. कडाक्याच्या थंडीत केळी पिवळ्या पडतात हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, पण त्याच थंडीत क्रोटन आणि इक्झोराही आखडतात हे मला रोपवाटिकेत कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

सर्वांत आधी इक्झोराविषयी, कारण माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे. काउंटरवरच्या व्यवस्थापकांना मी स्पष्ट विचारले होते की, माझी जमीन काळी आहे, यात इक्झोरा येईल का? "सर, इक्झोरा कुठेही येतो," असे उत्तर मिळाले. पाचही रोपांवर तेव्हा केशरी-लाल गुच्छ होते आणि मला उत्तर पटवून घ्यायचेच होते. ऑक्टोबरपर्यंत ती बरी राहिली. त्यानंतर शेंड्याची नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट लिंबोणी रंगाचा, असे जाळीदार पान. मी शेणखत वाढवले, पाणी वाढवले, काही उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाचही झुडपांच्या काड्या झाल्या.

त्यातले एक मी कुदळीने खणून काढले. खाली जे दिसले त्यावरून मला रोपवाटिका नावाच्या व्यवसायाविषयी बरेच कळले. दहा महिन्यांपूर्वी पिशवी फाडून जसा लावला होता तसाच तो लाल मातीचा गोळा, पिशवीच्या तळाच्या घडीसकट, काळ्या जमिनीत अख्खा बसलेला होता. मुळे त्या गोळ्याच्या आत गोल गोल फिरून दोरखंडासारखी वळली होती आणि बाहेरच्या काळ्या मातीत एकही मूळ बोटभरसुद्धा गेलेले नव्हते. गोळा उन्हाने विटेसारखा कडक झाला होता. बादलीभर पाणी वरून ओतून पाहिले, तर ते गोळ्याच्या कडेने काळ्या मातीच्या फटीतून खाली उतरले आणि गोळा आतून कोरडाच राहिला. म्हणजे मी रोज पाणी घालत होतो ते जमिनीला मिळत होते, झाडाला नव्हे.

हा दोष निम्मा माझा. लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करायच्या, तळाशी वळलेली मुळे कात्रीने छाटायची आणि खड्ड्यात काळ्या मातीबरोबर मुरूम व शेणखत मिसळायचे, हे करायला हवे होते. पण उरलेला निम्मा दोष इक्झोराच्या निवडीचा आहे आणि तो लागवडीने सुधारणारा नव्हता. इक्झोरा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा, आम्लधर्मी मातीत रमणारा. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या लाल मातीत तो अंगणभर फुलतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. ती आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही : मातीच्या कोरड्या ढेकळावर लिंबू पिळायचे, फसफसले तर चुना आहे. आमच्या अंगणातले ढेकूळ सोड्यासारखे फसफसले. अशा जमिनीत लोह असते, पण झाडाला घेता येत नाही, आणि नवे पान पिवळे पडते ते त्या उपाशीपणाने. मी आधी हिराकस घातला; चुनखडीच्या जमिनीत त्यातले लोहही काही दिवसांत अडकून बसते. चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडकू नये असे बांधलेले लोह, घ्यायचे तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले घ्यावे, कारण नेहमी मिळणारे ईडीटीए जास्त सामूच्या (अल्कधर्मी) जमिनीत टिकत नाही. पण ते इतके महाग पडते की ९० रुपयांच्या झुडपाला दरवर्षी ते पाजत बसण्यापेक्षा झुडूप बदलणे परवडते.

अनंताचे नेमके हेच झाले, फक्त लवकर. पहिल्या डिसेंबरातच तो पिवळा पडला, आणि ज्या फुलाच्या वासासाठी तो आणला होता ते एकदाच, रोपवाटिकेतून आलेल्या कळीचे, पाहायला मिळाले. अनंत हवाच असेल तर मोठ्या कुंडीत, कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या खतात, सकाळचे ऊन येईल अशा जागी लावावा. बोअरचे जड पाणी घालू नये. एवढे पथ्य पाळणारे लोक आहेत. मी त्यांत नाही.

कलमी जास्वंदींपैकी दोन गेल्या, एक आहे. पिवळ्या-केशरी पाकळ्यांचे, ताटलीएवढे फूल पाहून मी त्या घेतल्या होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या कळ्या उमलण्याआधी गळून पडत आणि उरलेल्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण कापसासारखा बसे. शेजारीच लावलेली ४० रुपयांची गावठी लाल जास्वंद मात्र आता माझ्या खांद्यापर्यंत आली आहे, मेमध्येही दिवसाला दोन-तीन फुले देते, आणि तिच्यावर पिठ्या आलाच तर पाण्याचा जोरदार फवारा आणि मुंग्यांचा बंदोबस्त एवढ्यावर भागते. मुंग्यांचे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक जण नुसता पिठ्या मारतात : मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात, त्यामुळे त्यांची रांग तोडल्याशिवाय पिठ्या हटत नाही. क्रोटनांपैकी पश्चिमेची दोन्ही झुडपे पाने भाजून गेली. पूर्वेच्या व्हरांड्यातले एक सुंदर आहे. क्रोटनला दुपारचे कडक ऊन सोसत नाही, एवढे वाक्य पाटीवर असते तर माझे १६० रुपये वाचले असते.

आता टिकलेल्यांविषयी. त्याआधी 'सदाहरित' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा, कारण रोपवाटिकेत तो फार सैलपणे वापरला जातो. सदाहरित झुडपाची पाने गळत नाहीत असे नाही. ती एकदम सगळी गळत नाहीत, एवढेच. पारिजातक किंवा शंकासुर रोपवाटिकेत पावसाळ्यात हिरवेगार दिसतात, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पारिजातक जवळजवळ उघडा पडतो आणि शंकासुर विरळ होतो. त्यांना फुलांसाठी लावावे, आडोशासाठी नव्हे. आडोशाला मे महिन्यात पान धरून ठेवणारे झुडूप लागते आणि त्या कसोटीवर माझ्या अंगणात पहिला नंबर कण्हेरीचा लागला.

महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर का लावतात हे मला तिच्यामुळे कळले. तिचे पान चिवट, मेणचट; खालच्या अंगाला बारीक खळगे असतात आणि पाण्याची वाफ सोडणारी छिद्रे त्या केसाळ खळग्यांच्या आत दडलेली असतात, त्यामुळे गरम वारा त्यांना सहजासहजी भिडत नाही. आमच्या दोन्ही कण्हेरींनी, एक गुलाबी आणि एक पांढरी, पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात आठवड्याला दोन पाण्यांवर दिवस काढले आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या माझ्या बहिणीने अंगणात शिरताच पहिली चौकशी त्यांचीच केली. कण्हेरीची किंमत, खर्च आणि टिकाऊपणा यांचा हिशेब मांडला तर तिच्यासारखा सौदा नाही.

तरीही तिच्या बाबतीत रोपवाटिकेचा मोठा दोष नोंदवणे भाग आहे. विकताना तिच्या विषाबद्दल एक अक्षर कोणी उच्चारले नाही. कण्हेरीची पाने, फुले, खोड, मूळ, सगळेच विषारी असते आणि ते विष हृदयावर परिणाम करते. छाटलेल्या फांद्या शेळीपुढे किंवा गाईपुढे पडल्या तर जनावर दगावू शकते, आणि त्या जाळल्या तर धूरही बाधतो. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर आणखी घातक. आपल्याकडे छाटणीचा पाला सर्रास कुंपणाबाहेर टाकला जातो आणि दारावरून मोकळी जनावरे जातात, तेव्हा ही सूचना पाटीवर ठळक असायला हवी. ज्या घरात रांगते मूल आहे त्यांनी कण्हेर कुंपणाच्या बाहेरच्या बाजूलाही लावू नये, असे मला वाटते. सोनेरी पानांच्या ड्युरंटाची पिवळी फळेही विषारी असतात. ते झुडूप रोपवाटिकेत कुंपणासाठी म्हणून सर्वांत पुढे मांडलेले होते.

तगर मला अपेक्षेपेक्षा आवडली. दुपारी चार वाजता तिची पाने मान टाकतात आणि आता ही गेली असे वाटते, पण सकाळी सहाला ती पुन्हा ताठ असते. आमच्याकडे एक एकेरी आणि एक दुहेरी फुलांची आहे. आईच्या पूजेच्या ताटलीत श्रावणात फक्त तिचीच फुले असतात. मागच्या सप्टेंबरात एकेरी तगरीखाली फरशीवर मिरीएवढ्या, नक्षीदार, काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. वर पाहिले तर काहीच नाही. अर्धा तास फांदीफांदी न्याहाळल्यावर पानांच्याच रंगाचे, करंगळीपेक्षा जाड एक सुरवंट दिसले. त्याच्या मानेजवळ निळ्या-पांढऱ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके होते आणि बोट जवळ नेताच त्याने अंग आखडून ते ठिपके असे फुगवले की माझेच बोट मागे आले. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या एका मोठ्या हिरव्या पतंगाचे ते सुरवंट. एका रात्रीत ते फांदी ओरबाडते खरे, पण संख्येने थोडे असते. हाताने उचलून बाजूला ठेवले की काम झाले. औषध फवारू नये. या सुरवंटाचे काय करावे, असे मी रोपवाटिकेत विचारले तेव्हा मला ३८० रुपयांची कीटकनाशकाची बाटली दाखवण्यात आली होती.

पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या आठ कुंतींपैकी सात आहेत आणि आज चार फुटांचा सलग हिरवा पडदा उभा आहे. कुंती हळू वाढते. पहिले वर्षभर ती काहीच करत नाही असे वाटते आणि शेजारी आपल्याला वेगाने वाढणारे काहीतरी लावायचा सल्ला देतात. पण तिचे पान लहान, गर्द, चकचकीत. छाटणी कितीही सहन करते. आणि पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी सगळ्या ओळीवर एकदम पांढरी फुले येतात तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो. दोन दिवसांत फुले झडतात. हा सोहळा वर्षात तीन-चार वेळा होतो.

तिच्याबद्दलची एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. कुंती लिंबाच्या कुळातली. लिंबूवर्गीय झाडांवरची सिट्रस सिला ही बारीक कीड, जी ग्रीनिंग हा रोग पसरवते, तिला कुंतीची कोवळी पालवी फार मानवते. कढीपत्त्यावरही ती राहते. ज्यांच्या घराला लागून मोसंबीची किंवा लिंबाची बाग आहे त्यांनी कुंतीचे कुंपण करण्याआधी दहा वेळा विचार करावा. माझ्या परसात लिंबाचे एकच झाड आहे, ते मी पूर्वेला ठेवले आहे, आणि कुंतीला नवी पालवी फुटली की तिच्यावर नजर ठेवतो. चोपडा-यावलकडच्या माझ्या एका बागायतदार मित्राने हे ऐकून कुंतीऐवजी मेंदीचे कुंपण केले. जळगावच्या उन्हाला मेंदीही तोडीस तोड आहे आणि कुंतीपेक्षा स्वस्त पडते, फक्त तिला वरचेवर कात्री लागते.

बोगनवेलीविषयी लिहायचे तर आधी शेतीतला एक शब्द घ्यावा लागेल. लिंबाचा किंवा मोसंबीचा बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडले की फूल येते, हे खान्देशात शेंबड्या पोरालाही माहीत असते. बोगनवेलीचे अगदी तेच आहे, पण अंगणात आल्यावर हाच शेतकरी तिला रोज पाइपने पाणी पाजतो आणि नुसती पाने येतात म्हणून तक्रार करतो. मी पहिल्या वर्षी तेच केले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत महिनाभर तिचे पाणी पूर्ण बंद केले. पाने मलूल झाली, थोडी गळली, आणि मार्चमध्ये पाणी दिल्यावर दोन्ही वेली जांभळ्या आणि नारिंगी रंगांनी भरून गेल्या. ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पाने आहेत; खरे फूल म्हणजे त्या तीन पानांच्या मध्ये असलेली बारीक पांढरट नळी. रंग पानांचा असल्यामुळेच तो ४५ अंशांतही आठवडेच्या आठवडे टिकतो. रोपवाटिकेने मला दोन्ही जांभळ्या म्हणून दिल्या होत्या, एक नारिंगी निघाली. ही तक्रार नाही, ती नारिंगीच जास्त चांगली दिसते; पण रंग ठरवून हवा असेल त्यांनी फुललेलीच वेल उचलावी, चिठ्ठीवर विसंबू नये.

मोगरा मी दुसऱ्या वर्षी लावला, तो या खरेदीतला नाही, पण ताणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो : जानेवारीत पाणी तोडून छाटणी केलेल्या मोगऱ्याने मार्च ते मे घरभर जो वास पुरवला त्याच्यापुढे अनंत गेल्याचे दुःख राहिले नाही.

रोपवाटिकेने आडोशासाठी मला सुचवलेले पहिले नाव यांपैकी कोणतेच नव्हते. ते होते कोनोकार्पस. "वर्षभरात दहा फूट, पाणी नको, काही नको," अशी त्याची शिफारस झाली आणि तिच्यातला वाढीचा भाग बऱ्याच अंशी खराही आहे. पण शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळांमुळे भूमिगत नळ व गटारांना होणारा त्रास आणि परागकणांमुळे होणारे श्वसनाचे विकार ही कारणे त्यामागे दिली गेली. मी त्या वेळी घेतला नाही याचे कारण शहाणपण नव्हे. पिकअपमध्ये जागा उरली नव्हती. आमच्या गल्लीतल्या ज्या घराने घेतला, तिथे तो आज दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी आहे आणि त्याला आवरण्यासाठी दर दोन महिन्यांनी माणूस बोलवावा लागतो.

इक्झोराच्या जागी मी २०२३ च्या पावसाळ्यात त्याच रोपवाटिकेतून ल्युकोफायलमची तीन रोपे आणली, प्रत्येकी १२० रुपयांना. पुन्हा तिथेच का गेलो, असे घरात विचारले गेले. उत्तर असे की तिथे जाळीबाहेर काम करणारे एक वयस्कर माळी आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात, आणि पहिल्या वेळी मी इक्झोरा उचलत असताना त्यांनी हळूच कण्हेरीकडे बोट करून म्हटले होते, "भाऊ, हाई टिकस, ते टिकत नही." मी तेव्हा हसून सोडून दिले. दुसऱ्या वेळी काउंटरकडे न जाता थेट त्यांनाच गाठले. त्यांनी आधी मातीचे विचारले, मग भिंतीची दिशा विचारली, आणि मग पिशवी आडवी करून, तळ ब्लेडने चिरून, मुळे दाखवली : पांढरी टोके बाहेर डोकावत होती, वळसे नव्हते. तीनपैकी एक रोप त्यांनी स्वतःच परत ठेवले आणि दुसरे दिले, कारण त्याच्या मुळांनी तळाशी वेटोळे केले होते.

ल्युकोफायलम मूळचे टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या, चुनखडीच्या माळरानांचे. पान चंदेरी, लव असलेले. हवेत दमटपणा आला की जांभळी फुले एकदम येतात, त्यामुळे आमच्याकडे ती जूनच्या पहिल्या वळिवाची वर्दी देतात. ज्या चुन्याने इक्झोराला मारले त्यावर हे झुडूप मजेत आहे. त्याला उन्हाळ्याची भीती नाही, ऑगस्टची आहे : काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. म्हणून ते फूटभर उंच केलेल्या मुरमाड वाफ्यावर लावले. तिन्ही आहेत.

सेवेबद्दल थोडेसे. मेलेल्या झुडपांची तक्रार घेऊन गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी आवाज न चढवता ऐकून घेतले, पण बदली रोपे द्यायला नकार दिला, कारण पावती नव्हती. पहिल्या खरेदीच्या वेळी मला कच्च्या चिठ्ठीवर हिशेब करून दिला होता. यापुढे पक्की पावती आणि तिच्यावर रोपाचे नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माल घरपोच आला, पण पिकअपला ताडपत्री नव्हती आणि वाटेतल्या वाऱ्याने तगरीचे शेंडे फाटले होते. लावून देण्याचे प्रत्येक खड्ड्यामागे ५० रुपये घेतात. ते देऊ नयेत, कारण त्यांची माणसे पिशवी फाडून गोळा तसाच ठेवतात. माझी पहिली लागवड त्यांच्याच दोन मुलांनी केली होती आणि मी चहा करायला आत गेलो होतो.

टिकलेल्या झुडपांना टिकवले ते मुख्यतः आच्छादनाने, आणि ते आपल्याकडे फुकट मिळते. शेतातून आणलेली केळीची वाळलेली पाने बुंध्याभोवती चार बोटे जाड पसरली की भेगा पडणे थांबते आणि ठिबकचे पाणी दुप्पट पुरते. बुंध्याला मात्र टेकवू नयेत, वीतभर जागा मोकळी ठेवावी. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा एका वर्षी वापरून पाहिला. वाळवी लागली आणि आठवी कुंती त्यातच गेली. ठिबकची तोटी खोडाला चिकटून न ठेवता पहिल्या वर्षी गोळ्याच्या कडेवर आणि दुसऱ्या वर्षी हातभर बाहेर सरकवली तर मुळे पाण्यामागे बाहेर येतात. केळीच्या बागेत हे सगळे करणारा माणूस घराच्या अंगणात ते का विसरतो, हे मला माझ्याच बाबतीत अजून कळलेले नाही.

या रोपवाटिकेला मी पाचपैकी तीन गुण देतो. रोपे निरोगी, भाव वाजवी, जागा नीटनेटकी. सल्ला मात्र काउंटरवर घेतला तर विक्रीचा मिळतो आणि जाळीबाहेर घेतला तर कामाचा. पुढच्या खेपेला मला बिनविषारी फुलांचा हमेलिया घ्यायचा आहे, कारण त्याच्या केशरी नळ्यांसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात असे नाना म्हणाले. खरेदी जुलैतच करीन, पण पाहायला मेमध्ये, दुपारी तीन वाजता जाईन. त्या वेळी रोपवाटिकेच्या उघड्या विभागात, जाळी आणि फवाऱ्याशिवाय, कोणती पिशवी ताठ उभी आहे ते वहीत लिहून घेईन. आणि हमेलिया त्या वहीत नसेल तर जुलैत तोही उचलणार नाही.